स्काय बेटावर एकच दिवस आहे? मग ट्रॉटर्निशचा फेरा असा करा

यूकेत शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मंडळी पहिल्या उन्हाळ्यातच स्कॉटलंडचा प्लॅन करतात आणि त्यात स्काय असतंच, भारतातून आईबाबा आलेले असले तर हमखास. आणि प्लॅनही जवळपास सगळ्यांचा सारखाच, म्हणजे एका दिवसात ओल्ड मॅन ऑफ स्टॉर, क्विरँग, फेअरी पूल्स, नीस्ट पॉइंटचं लाइटहाउस, डनवेगन कॅसल आणि जमलंच तर टॅलिस्कर डिस्टिलरी. नकाशावर बेट चिमुकलं दिसतं ना, त्याचा हा परिणाम. प्रत्यक्षात स्काय साधारण १,६५० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईच्या अडीच पटीहून मोठं, आणि वरून त्याचा किनारा असा फाटलेला की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरळ जाता येतच नाही, प्रत्येक वेळी आत जा, परत मुख्य रस्त्याला या, मग पुढच्या टोकाकडे वळा.

त्यामुळे माझं म्हणणं एकच आहे. एक दिवस असेल तर फक्त ट्रॉटर्निश करा. हा बेटाचा उत्तरेकडचा भाग, पोर्ट्री गावातून निघून गोल फिरून परत पोर्ट्रीत, सगळा मिळून साधारण ८० किलोमीटरचा फेरा. ८० किलोमीटरला काय लागतंय असं वाटेल, पण गाडीतून उतरून चालण्यात खरी मजा आहे आणि त्यात पूर्ण दिवस जातो. बाकीची ठिकाणं दुसऱ्या दिवसासाठी, नाहीतर पुढच्या खेपेसाठी ठेवा. खिडकीतून दहा ठिकाणं बघण्यापेक्षा चार ठिकाणी नीट पाय ठेवलेले बरे, हे मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते आणि ऐकणारे खूश होऊन परत येतात.

मुक्काम आधी, बाकी सगळं नंतर

ग्लासगो किंवा एडिनबरावरून सकाळी निघून रात्री परत, असं मनातही आणू नका. ग्लासगो ते पोर्ट्री न थांबता पाच ते साडेपाच तास लागतात, तेही ट्रॅफिक नसेल तर, आणि रस्ता इतका देखणा आहे (लॉख लोमंड, ग्लेनको, मग आयलन डोनन कॅसल) की न थांबता कोणी जात नाही. इन्व्हरनेसहून अडीच-तीन तास. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत बेटावर पोचा, दिवसभर फिरा, आणि तिसऱ्या दिवशी परत निघा.

मुक्कामाला पोर्ट्री सगळ्यात सोयीचं, कारण फेरा तिथूनच सुरू होतो, सुपरमार्केट आहे, पेट्रोल आहे, बंदरावर ती रंगीत घरांची ओळ आहे. पण उन्हाळ्यात पोर्ट्री लवकर भरतं आणि रेट ऐकून डोळे पांढरे होतात, त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये जायचं असेल तर कित्येक महिने आधी बुकिंग करा. नाही मिळालं तर ऊइग किंवा स्टॅफिन बघा, ही दोन्ही गावं फेऱ्यावरच आहेत. ब्रॉडफर्ड किंवा पुलाअलीकडचं काइल ऑफ लॉखॅल्श पण चालेल, फक्त सकाळी थोडं अजून लवकर उठायचं.

बेटावर जायला पूल आहे, १९९५ मध्ये झाला, आधी टोल होता तो २००४ मध्ये बंद झाला, आता फुकट. दुसरा पर्याय मॅलेगहून आर्माडेलला फेरी, गाडीसकट जाते, पण तिचं बुकिंग आधी लागतं. माझ्या मते जाताना एका वाटेने आणि येताना दुसऱ्या वाटेने असं केलं तर उत्तम.

कधी जायचं

मे आणि जून सगळ्यात चांगले. जूनच्या शेवटी रात्री दहा वाजले तरी उजेड असतो, त्यामुळे दिवस संपायची घाई नसते. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि मिजेस, दोन्ही कळसाला असतात. मिजेस म्हणजे चिलटापेक्षा बारीक चावरे किडे, वारा पडला आणि हवा दमट असली की ढगासारखे येतात, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी. डोक्यावरून घालायची जाळी मिळते, ती घ्या, दिसायला कशीही दिसो. अंगाला लावायचं स्मिज नावाचं औषध तिकडच्या बहुतेक दुकानांत असतं. वारा असेल तर मात्र एकही मिज दिसत नाही, म्हणून स्कायला वारा आहे म्हणून कुरकुर करू नका.

सप्टेंबर पण छान, गवत सोनेरी होतं आणि गर्दी ओसरते. डिसेंबर-जानेवारीत नऊ वाजता उजाडतं आणि पावणेचारला मावळतं, तेव्हा हा पूर्ण फेरा पहिल्यांदा जाणाऱ्यांनी करू नये.

रविवार शक्यतो टाळा. बेटावर रविवार पाळायची जुनी चाल आहे, आता बरंच उघडं असतं पण सगळं नाही, आणि या फेऱ्यावरचं मला सगळ्यात आवडणारं म्युझियम रविवारी बंदच असतं.

गाडी, लायसन्स आणि ते पासिंग प्लेसचं गणित

भारतातलं कारचं लायसन्स यूकेत आल्यापासून १२ महिने चालतं. ज्यांना इथे येऊन वर्ष झालंय त्यांना इथलं लायसन्स काढावंच लागतं. भाड्याच्या गाडीच्या कंपन्यांचे स्वतःचे नियम असतात, वयाचे, क्रेडिट कार्डाचे, काही जण इंटरनॅशनल परमिट मागतात, ते बुक करतानाच विचारून घ्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं स्पष्ट बुक करा, नाहीतर मॅन्युअल मिळते. गाडी छोटीच घ्या. सात जण आहेत म्हणून मोठी व्हॅन घेण्यापेक्षा दोन छोट्या गाड्या परवडल्या, का ते पुढे कळेल. १२ वर्षांखालच्या आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना चाइल्ड सीट कायद्याने लागते, आजीच्या मांडीवर बसवून चालत नाही.

ड्रायव्हिंग डाव्या बाजूनेच आहे, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे आपल्याला सवय लावायची गरज नाही. नवीन असतो तो सिंगल ट्रॅक रोड. म्हणजे एकच गाडी जाईल एवढा रस्ता, आणि वाहतूक मात्र दोन्ही बाजूंनी. थोड्या थोड्या अंतरावर रस्ता एका बाजूला जरासा फुगवलेला असतो आणि तिथे पासिंग प्लेस अशी पाटी असते. पोर्ट्री ते स्टॅफिन बराचसा रस्ता दोन गाड्या जातील असा आहे, पण क्विरँगचा घाट आणि उत्तरेकडचा भाग हे असंच प्रकरण आहे.

नियम सोपे आहेत पण पाठ करूनच जा. समोरून गाडी दिसली आणि पासिंग प्लेस तुमच्या डावीकडे असेल तर आत शिरा आणि थांबा. ती उजवीकडे असेल तर तिकडे शिरायचं नाही, आपल्याच बाजूला रस्त्यावर तिच्या समोर थांबायचं, समोरचा आत घेऊन वळसा घालून जातो. चढावर येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मागून गाडी येतेय आणि तिला घाई आहे असं दिसलं तर पासिंग प्लेसमध्ये घेऊन तिला पुढे जाऊ द्या, हा शिष्टाचार नाही तर नियमच आहे, कारण ती गाडी घरोघरी पेशंट बघायला जाणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्सची असू शकते किंवा शाळेतून पोरांना आणायला निघालेल्या बाईची, आणि तुम्ही तिच्यापुढे वीस मैलांच्या स्पीडने डोंगर बघत चाललाय. आणि दर वेळी समोरच्याला हात दाखवायचा. स्टिअरिंगवरून चार बोटं उचलली तरी पुरे. इथली लोकं न चुकता करतात आणि तुम्ही नाही केलंत तर त्यांना खटकतं.

सगळ्यात महत्त्वाचं, पासिंग प्लेसमध्ये गाडी पार्क करायची नाही. फोटोसाठी दोन मिनिटं सुद्धा नाही. ऐन सीझनमध्ये एका गाडीमुळे दोन्हीकडे पंधरा-वीस गाड्या अडकतात, आणि त्यात अॅम्ब्युलन्स असली तर काय होईल याचा विचार करा. बेटावर जेमतेम १० हजार लोक राहतात, आणि उन्हाळाभर त्यांच्या रस्त्यांवर आपण सगळे जाऊन गर्दी करतो, तेवढं भान हवंच.

वेगाची पाटी ६० मैलांची असेल पण त्या वेगाने जायचा रस्ता नाही हा. मेंढ्या रस्त्यात बसलेल्या असतात, डांबर उबदार असतं म्हणून. एप्रिल-मेमध्ये कोकरू एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला असेल तर थांबाच, कोकरू पळत आईकडेच येणार.

अजून एक, दारू. स्कॉटलंडमध्ये ड्रायव्हरसाठीची मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी आहे, १०० मिलीलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, इंग्लंडात ८०. म्हणून जो चालवणार त्याने संध्याकाळी गाडी लावेपर्यंत थेंबही घेऊ नये.

आदल्या रात्रीची तयारी

पोर्ट्रीत टाकी फुल करा. ऑफलाइन नकाशा डाउनलोड करा, रेंज मध्येच गायब होते. हवामान बघताना फक्त पाऊस न बघता वाऱ्याचा वेग बघा. आणि स्टॅफिनची भरती-ओहोटीची वेळ बघून कागदावर लिहून ठेवा, ती कशासाठी ते पुढे येईल.

कपड्यांचं म्हणाल तर जून असला तरी वॉटरप्रूफ जॅकेट, एक गरम लेयर, आणि ग्रिप असलेले बूट. छत्री नको, पहिल्याच झोतात उलटी होते. आईसाठी साडीपेक्षा पॅंट किंवा सलवार आणि बंद बूट, चपला सँडल अजिबात नको, वाटा ओल्या आणि खडबडीत असतात.

खायचं सोबत घ्या. फेऱ्यावर कॅफे आहेत पण तुरळक, लवकर बंद होणारे, आणि शाकाहारी माणसाला चीज सँडविच नाहीतर सूप यापलीकडे फारसं काही मिळेल याची खात्री नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या-चटणी, भडंग, आणि थर्मासमध्ये चहा, एवढं असलं की दिवस निघतो. पुऱ्या आदल्या दिवशी केल्या तरी या थंड हवेत मस्त राहतात.

सकाळी साडेसात: स्टॉर

फेरा घड्याळाच्या उलट दिशेने करा, म्हणजे पोर्ट्रीहून उत्तरेला ए-८५५ धरायचा आणि शेवटी ऊइगवरून परत यायचं. याचं कारण आहे. स्टॉर आणि क्विरँग दोन्हीचे कडे पूर्वेकडे तोंड करून आहेत, सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर पडतं, दुपारनंतर ते सावलीत जातात. शिवाय स्टॉरचं पार्किंग सीझनमध्ये सकाळी नऊ-दहालाच भरतं.

पोर्ट्रीतून निघालं की थोड्याच वेळात उजवीकडे तळी लागतात आणि त्यांच्या मागे स्टॉरचा डोंगर आणि तो सुळका, म्हणजेच ओल्ड मॅन ऑफ स्टॉर. वारा पडलेला असेल तर पाण्यात पूर्ण प्रतिबिंब दिसतं. ज्यांना चढणं जमणार नाही त्यांना इथूनच, नीट थांबायची जागा बघून, पोटभर दाखवा. इथून दिसतं तेही कमी नाही.

पुढे मोठं पैसे भरायचं पार्किंग आहे, मशीनवर कार्ड चालतं, टॉयलेट पण आहे. तिथून वर जाऊन परत यायला साधारण दीड ते दोन तास, जाऊन-येऊन पावणेचार किलोमीटरच्या आसपास आणि चढ तीनशे मीटरच्या आत. सिंहगड चढणाऱ्याला हे काहीच नाही, पण शेवटचा टप्पा दगडी पायऱ्यांचा आणि ओला असतो, उतरताना जपून. सुळका सुमारे ५० मीटर उंच आहे, १९५५ मध्ये पहिल्यांदा डॉन व्हिलन्स आणि त्याचे साथीदार त्यावर चढले. तुम्ही मात्र त्याच्या पायथ्याला खेटून फोटो काढायला जाऊ नका, खडक सैल आहे आणि वरून दगड येतात. सगळ्या फोटोंत जो नजारा असतो तो सुळक्याच्या अजून थोडं पुढे, उत्तरेकडच्या उंचवट्यावरून मागे वळून बघितलं की दिसतो, खाली तळी, समोर समुद्र, पलीकडे रासे बेट. बहुतेक लोक सुळक्यापाशी जाऊनच परत फिरतात, तुम्ही ती शेवटची दहा-पंधरा मिनिटं चालाच.

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथे एक गोष्ट लगेच जाणवते, हा दगड आपल्या ओळखीचा आहे. काळा बसाल्ट, थरावर थर. आपला दख्खनचा पठारी दगड साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, इथला साधारण ६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे भूगर्भाच्या हिशोबाने दोघं फार लांबचे नाहीत. मग आपल्याकडे सलग कडे आणि इथे असे सुटे सुळके, फुटलेले बुरूज का? कारण इथे लाव्ह्याच्या जाड थराखाली ज्युरासिक काळातला मऊ चिखलाचा दगड आहे. ओल्या मातीवर जड फरशी ठेवली की ती घसरते, तसं वरच्या बसाल्टचं झालं, हिमयुगातल्या बर्फाचा आधार गेल्यावर कड्याचे अख्खे तुकडे सुटून समुद्राच्या बाजूला सरकले, काही उभेच राहिले. ओल्ड मॅन हा त्यातलाच एक. सगळा ट्रॉटर्निशचा कणा, जवळपास ३० किलोमीटर, असाच घसरलेला आहे, ब्रिटनमधली सगळ्यात मोठी दरड म्हणतात ती हीच. हे कळलं की पुढचा दिवसभराचा प्रवास वेगळाच दिसायला लागतो.

लेल्ट आणि किल्ट रॉक, पटकन

लेल्टचा धबधबा रस्त्यालगतच आहे, पार्किंगपासून पाच मिनिटांवर बघायचा प्लॅटफॉर्म केलाय. खाली किनाऱ्यावर जुन्या कारखान्याचे अवशेष दिसतात, वरच्या तळ्यातून निघणारी डायटोमाइटची (सूक्ष्म शेवाळाच्या कवचांची) माती इथे आणून वाळवायचे. किल्ट रॉकला समोरच्या कड्याच्या उभ्या खांबांवरून स्कॉटिश किल्टच्या चुण्यांची आठवण होते म्हणून ते नाव, आणि बाजूलाच मील्टचा धबधबा ५५ मीटरवरून थेट समुद्रात पडतो. इथे जोराचा वारा असला की कठड्याच्या लोखंडी नळ्यांतून बासरीसारखा आवाज येतो, कान देऊन ऐका. दोन्हीकडे मिळून अर्धा-पाऊण तास, त्याहून जास्त नको. टूर बस आलेली असेल तर सरळ पुढे जा.

स्टॅफिन: डायनासोरचे पाय

आता ती भरती-ओहोटीची वेळ. स्टॅफिन गावाच्या खाली अन कोरन म्हणून किनारा आहे, तिथल्या सपाट खडकावर डायनासोरच्या पावलांचे ठसे आहेत, २००२ मध्ये सापडलेले, साधारण साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीचे. ते फक्त ओहोटीला उघडे पडतात. तुमच्या दिवशी ओहोटी सकाळी लवकर असेल तर स्टॉरच्या आधी इथे या, दुपारी असेल तर क्विरँग आधी करा आणि मग खाली उतरा, दोन्ही जागा मिनिटांच्या अंतरावर आहेत.

ठसे शोधायची पण पद्धत आहे. किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटी गाडी लावा, उताराने खाली या, आणि वाळूतून डोकं वर काढणारा सपाट, करड्या रंगाचा खडक शोधा. शेवाळामुळे भयंकर निसरडा असतो, लहान मुलांचा हात धरा. मोठा प्राणी शोधायच्या नादात लोकं त्यावरून चालत जातात आणि त्यांना काही दिसत नाही. खाली वाका, खोलगट भागात पाणी साचलेलं असतं, आणि त्या पाण्याचा आकार बघा. तीन बोटं, पुढे निमुळती, मागे टाच. एकदा एक दिसला की आजूबाजूचे आपोआप दिसायला लागतात. बाटलीतलं थोडं पाणी ओतलं तर ठशाची कड अजून ठळक होते. कधी कधी उन्हाळ्यात वाळू आणि शेवाळ इतकं साचतं की काहीच दिसत नाही, हिवाळी वादळांनी वाळू धुवून नेली की पुन्हा उघडे पडतात. नाही दिसले तर एलिशॅडरला, किल्ट रॉकच्या जवळच, स्टॅफिन म्युझियम आहे, जुन्या शाळेच्या छोट्याशा इमारतीत. एका स्थानिक माणसाने लहानपणापासून गोळा केलेल्या वस्तूंतून १९७६ मध्ये उभं केलेलं. तिथे हाडं आणि ठसे दोन्ही बघायला मिळतात आणि थोडेसे पैसे त्याच गावात राहतात.

एक गंभीर गोष्ट. या किनाऱ्यांवरून फॉसिल उचलणं, खडक फोडणं, ठशात प्लास्टर ओतणं याला कायद्याने बंदी आहे. पूर्वी लोकांनी प्लास्टर ओतून ठसे खराब केलेत. मुलांना आधीच सांगून ठेवा की बघायचं, फोटो काढायचा, पाय बाजूला ठेवून मोजायचं, पण खिशात काही घालायचं नाही.

जेवण इथेच उरकून घ्या, समुद्राकडे पाठ करून बसलात तर समोर पूर्ण ट्रॉटर्निशचा कडा.

क्विरँग: दिवसातली सगळ्यात मोठी दोन तासांची जागा

स्टॅफिन सोडलं की लगेच ब्रोगेगला डावीकडे रस्ता वळतो तो क्विरँगचा घाट. सिंगल ट्रॅक, आणि वर गेल्यावर चांगलंच तीव्र वळण. समोरून गाडी आली की चढणारा थांबला तर पुन्हा उचलताना त्रास, म्हणून खालून वरपर्यंत नजर टाकून मगच चढा. छोटी गाडी घ्या म्हटलं ते यासाठी.

वर खिंडीतच पैसे भरून पार्किंग आहे. दार उघडताना हाताने घट्ट धरा, मागच्या सीटवरच्या मुलांनाही सांगा, इथला वारा दार बिजागरीतून उलटं फिरवतो आणि भाड्याच्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये तो खर्च बहुतेक वेळा धरलेला नसतो. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावली तर सगळ्यात चांगलं.

आईबाबांना गाडीपासून फक्त दहा मिनिटं वाटेने पुढे न्या. तेवढ्यात तो फोटोतला नजारा येतो, हिरव्या लाटांसारखे घसरलेले डोंगर, खाली नागमोडी रस्ता, पलीकडे समुद्र. ज्यांना चालायचंय त्यांनी त्याच वाटेने प्रिझन आणि नीडल या सुळक्यांपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत यावं, दीड-दोन तास. पूर्ण गोल ट्रेक साधारण ७ किलोमीटरचा आहे पण त्याचा परतीचा भाग कड्याच्या वरून, दलदलीतून जातो आणि ढग खाली आले की वाट दिसत नाही, पहिल्या खेपेला तो करू नका. वाट उतारावर कोरलेली आहे, एका ठिकाणी छोटी घळ हातापायांनी ओलांडावी लागते. शक्य तेवढं वाटेवरूनच चाला, बाजूच्या गवतावरून चालून चालून वाट रुंद होत गेलीय आणि माती पावसात वाहून जाते.

आणि ही दरड अजून जिवंत आहे. पायथ्याला फ्लॉडिगॅरीजवळचा रस्ता अजूनही सरकतो आणि दरवर्षी दुरुस्त करावा लागतो. तिथून जाताना डांबरावरच्या ताज्या ठिगळांकडे लक्ष द्या.

काही गडबड झाली, पाय मुरगळला, कोणी हरवलं, तर ९९९ लावून आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. ही सगळी स्वयंसेवक माणसं असतात आणि पैसे घेत नाहीत, पण म्हणूनच उगाच धोका पत्करून त्यांना बोलवायची वेळ आणू नये.

उत्तरेचं टोक

क्विरँगवरून तोच घाट पुढे थेट ऊइगला उतरतो. पाऊस असेल, लेकरं कंटाळली असतील तर तसं जा. हवा बरी असेल तर मात्र परत ब्रोगेगला उतरा आणि उत्तरेचा वळसा घ्या, गर्दी तिथे एकदम कमी होते.

डनटल्म कॅसल म्हणजे मॅकडोनाल्ड घराण्याच्या किल्ल्याचे अवशेष, अठराव्या शतकात सोडून दिलेला. भिंती ढासळत्या आहेत, आत शिरू नका, बाहेरूनच बघा, तिथून समुद्रापलीकडे हॅरिस बेट दिसतं.

पुढे किलम्यूरला ते रविवारी बंद असणारं म्युझियम, स्काय म्युझियम ऑफ आयलंड लाइफ. गवताने शाकारलेली ठेंगणी घरं, जाड दगडी भिंती, आत पीटची (दलदलीतली माती वाळवून केलेल्या सरपणाची) चूल, विणकराचा माग, शेतीची अवजारं. कोकणातल्या जुन्या घरात वाढलेल्या माणसाला इथून लवकर पाय निघत नाही. वर्षभर उघडं नसतं आणि संध्याकाळी लवकर बंद होतं, त्यामुळे चारपर्यंत पोचायचं धरा.

जवळच्याच दफनभूमीत फ्लोरा मॅकडोनाल्डची मोठी क्रॉसवाली कबर आहे. १७४६ मध्ये कलोडनची लढाई हरल्यावर ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणारा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट लपत फिरत होता, त्याच्या डोक्यावर ३० हजार पाउंडांचं इनाम होतं. या चोवीस वर्षांच्या मुलीने त्याला बेटी बर्क नावाची मोलकरीण बनवून, बायकी कपडे घालून, होडीने स्कायला आणलं. तो निसटला, तिला अटक झाली, लंडनला नेलं, पुढे सुटका झाली. १७९० मध्ये ती गेली. इनामाचा आकडा बघा आणि त्या काळच्या गरिबीत या बेटांवर इनामासाठी कोणीही त्याला पकडून दिलं नाही हे बघा, मला फ्लोराइतकंच त्या सगळ्या अनाम लोकांचं कौतुक वाटतं. याच दफनभूमीत फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्क्वीनही आहे, त्याच्या घराण्याची मुळं स्कायची.

ऊइग आणि फेअरी ग्लेन

ऊइगला उतरताना वरून अख्खी खाडी दिसते, इथून हॅरिस आणि नॉर्थ यूइस्टला फेऱ्या सुटतात. पेट्रोल आणि टॉयलेट दोन्ही इथे करून घ्या.

गावामागे अरुंद रस्त्याने फेअरी ग्लेन. छोटे छोटे शंकूसारखे हिरवे टेकाड, मध्ये कॅसल इवन नावाचा खडक, त्यावर चढायची वाट निमुळती आहे, वारा असला तर खालूनच बघा. संध्याकाळी सहानंतर गर्दी ओसरते, उतरत्या उन्हात टेकाडांवरच्या आडव्या रेषा स्पष्ट दिसतात, म्हणून हे शेवटी ठेवलं. परीकथांशी या जागेचा काही जुना संबंध नाही, हेही दरडीचंच काम आहे. आणि कोणी दगडांची गोल नक्षी मांडलेली दिसली तर त्यात भर घालू नका. दगड हलवले की खालची माती उघडी पडते आणि गावातली माणसं ती नक्षी वारंवार उचलून दगड परत जागेवर ठेवतात. पार्किंग भरलेलं असेल तर गाडी ऊइगलाच ठेवून चालत या, अर्धा तास लागतो.

परत पोर्ट्रीला ए-८७ ने, चांगला दोन लेनचा रस्ता, पंचवीस-तीस मिनिटं. जेवणाचं टेबल सकाळीच फोन करून बुक केलेलं असू द्या, हॉटेलांची किचनं साडेआठ-नऊला बंद होतात आणि त्यानंतर बंदरावरचं फिश अँड चिप्सचं दुकान उघडं सापडलं तर नशीब. शाकाहारी असाल तर राहायच्या जागी किचन असलेलं घर घ्या आणि कुकर सोबत ठेवा, दिवसभर वाऱ्यात फिरून आल्यावर गरम मुगाच्या खिचडीला पर्याय नाही. झोपायच्या आधी सगळ्यांच्या पायांवर, गुडघ्यामागे, मोज्यांच्या कडेला गोचीड लागलाय का बघा. असला तर बोटांनी न दाबता बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल गोल वाढायला लागला तर डॉक्टरला दाखवायचं.